मागाच्या शेडमधल्या अक्का

"मरायला येतंय का गं तुला?"

अक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी नवीकोरी गुलाबी मॅट काखेत धरून दारात उभी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या चालू ठेवा आणि जोडीला योगासनांना जा, श्वासाचं काहीतरी शिका. म्हणून बिचकत बिचकत आले होते. आणि ही काटकुळी म्हातारी, साडी कमरेला खोचलेली, खाली मुलाची जुनी ट्रॅकपँट घातलेली, मला मरायला येतं का विचारतेय! 

"न्हाय येत? मग शीक. मेल्यासारखं पडायचं. हात सोडायचे, जबडा सोडायचा, नवरा सोडायचा, घर सोडायचं. दीड महिना एवढंच."

"दीड महिना नुसतं पडायचं?" मी म्हटलं. "अहो, मला सूर्यनमस्कार शिकायचेत."

"पडायला येत न्हाय आन् निघाली सूर्याला नमस्कार करायला!" असं म्हणून त्यांनी माझ्या काखेतली मॅट ओढून घेतली, बोळातल्या शेळीवाल्या आजीकडं टाकली, आणि माझ्या अंगावर एक जुनी सोलापुरी चादर भिरकावली. दुसऱ्या दिवशी त्या मॅटवर शेळी बसलेली मी या डोळ्यांनी बघितली. इतकी खमकी मी, शाळांचे गणवेश शिवून देते, कापडाच्या व्यापाऱ्यांशी रोज भांडते. पण त्या दिवशी मुकाट ती चादर अंथरून आडवी झाले.

सोलापुरात भवानी पेठेत अक्कांची स्वतःची शेड होती. एकेकाळी तिथं आठ माग चालायचे. नवरा मागावर असायचा आणि अक्का कांड्या भरायच्या, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळून द्यायच्या. चाळीस वर्षं. मग नवरा गेला, मुलगा भिवंडीला गेला, माग भंगारात गेले. फरशीत मागांचे पाय रोवलेले होते तिथं सिमेंटनं बुजवलेली भोकं तेवढी राहिली. त्या भोकांच्या मधेमधे आम्ही चादरी अंथरून मेल्यासारखे पडायचो. घरी तेलुगू, बाहेर मराठी, चिडल्यावर दोन्ही एकदम, अशी अक्कांची भाषा.

अक्कांना ऐकू येत नसे, मी आपली हातवारे करकरून त्यांच्याशी बोलायचे. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कान राहतात होय? पण स्वतः मात्र असल्या ओरडायच्या की बास. "सावकाश सोड श्वास!" म्हणून खेकसल्या की बोळातली कुत्री भुंकायला लागायची. मनःशांतीचा वर्ग म्हणे! कुणाचा श्वास कसा चाललाय ते त्यांना ऐकून कळायचं नाही, म्हणून त्या प्रत्येकाजवळ येऊन पाठीवर तळहात ठेवायच्या. तो हात म्हणजे काय सांगू तुम्हाला. माझा श्वास मधेच अडकला की बरोब्बर त्याच क्षणी, "धागा तुटला!"

ही त्यांची सगळी शिकवण. चक्रं नाहीत, कुंडलिनी नाही, मोबाइलवर बासरी नाही. "धागा तुटला की माग थांबवायचा असतोय. गाठ मारायची, मग चालू करायचा. तू तुटलेल्यावरच ओढायलीस की गं." हे मला त्यांनी शंभरदा तरी सांगितलं असेल. मला दर वेळी राग यायचा, कारण दर वेळी ते खरं असायचं.

एकदा आमच्यातले एक बँकेतले साहेब मोठ्या अभिमानानं पुढं आले. हातवारे करून करून त्यांनी अक्कांना सांगितलं की योगानं इतका फरक पडला, मी डिप्रेशनच्या गोळ्या बंद करून टाकल्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी त्यांची चादर उचलली, घडी घातली आणि बोळात नेऊन ठेवली.

"डॉक्टरला इचारलं? न्हाय? मग जावा. डॉक्टरला भेटल्याबिगर हितं पाय ठेवायचा न्हाय."

साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात अक्कांनी कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून गोळ्यांचं पाकीट काढून आम्हा सगळ्यांसमोर धरलं. "मी बी खाते. सतरा वर्षं झाली. पोरगी गेली माझी, तवा मला माणसं वळखू येईनात. डॉक्टरनं गोळी दिली, तितल्या नर्सबाईनं श्वास शिकवला. दोन पायांवर चालते मी. एक कापून टाकू?"

  या बाईला कधी काही झालं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेब चार दिवसांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत आले आणि गुपचूप आपल्या जागेवर आडवे झाले.

योगदिनाला एका शाळेनं त्यांना प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं होतं. समोर चारशे पोरं, पाहुणे, शाल, नारळ. अक्का स्टेजवर गेल्या, चादर अंथरली आणि शवासनात पडल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुख्याध्यापकांनी घाम पुसला. वीस मिनिटांनी अक्का उठल्या, "लई अवघड असतंय हे," म्हणाल्या आणि नारळ घेऊन खाली उतरल्या. मी पहिल्या रांगेत होते. लाजेनं मान वर करवेना. पण शप्पथ सांगते, शेवटी शेवटी ती चारशे पोरं इतकी गप्प झाली होती की स्टेजवरचा पंखा ऐकू येत होता.

आता माझं सांगते. सांगायलाच हवं, त्याशिवाय अक्का कोण होत्या ते कळायचं नाही.

माझ्या सासूबाईंचा पाय अधू होता, त्या वॉकर घेऊन चालायच्या. एके दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं वाजलं. कशावरून? तर शेंगाचटणीवरून. मी चटणी मिक्सरमधून काढली होती. "ही चटणी न्हवं, हे पीठ हाय," त्या म्हणाल्या, "खलबत्त्याला हात लावायला तुझे हात झडतात का?" आणखीही पुष्कळ बोलल्या, माझ्या आईपर्यंत पोचल्या. दुपारी आमचे हे वॉकरचे झिजलेले रबर बदलायला तो घेऊन बाजारात गेले. घरात मी आणि सासूबाई. त्यांनी आतून हाक मारली, "अगं ए, जरा ये की." मी स्वयंपाकघरात बसले होते. ऐकू आली मला हाक. पुन्हा मारली. पुन्हा ऐकू आली. आणि मी उठले नाही. बसू देत म्हटलं जरा. तिसरी हाक आलीच नाही, आला तो पडल्याचा आवाज. आठ दिवसांनी दवाखान्यातच त्या वारल्या.

सगळ्यांना मी सांगितलं, मिक्सर चालू होता, काही ऐकू आलं नाही. सगळ्यांना पटलं. आणि आमच्या ह्यांनी दोष स्वतःवर ओढून घेतला. "मी वॉकर नेला नसता तर." नणंद आली की हेच. पाहुणे आले की हेच. नव्या रबरांचा तो वॉकर त्यांनी सासूबाईंच्या खाटेला टेकवून ठेवला होता, कुणाला हलवू द्यायचे नाहीत. माणूस निम्मा झाला. आणि मी समोर बसून त्यांना जेवायचा आग्रह करत होते! दोन वर्षं. कुणी मोठ्यानं हाक मारली की माझी छाती आवळायची, हातपाय गार पडायचे, श्वासच येईना. हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मशीनला कळतंय होय, आत काय आहे ते? खरं सांगितलं तर संसार राहतो की मोडतो, आणि नाही सांगितलं तर हा माणूस राहतो की जातो, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता.

अक्कांच्या वर्गात एक पद्धत होती. आसनं झाली की ज्याला वाटेल त्यानं अक्कांपुढं पाठ करून बसायचं. त्या पाठीवर हात ठेवायच्या आणि बसणाऱ्यानं मनात येईल ते बोलायचं. "बोल," त्या म्हणायच्या, "मला काय ऐकू येत न्हाय. मी नुसता श्वास बघते." लोक बोलायचे, रडायचे, हलके होऊन उठायचे. बाकीचे तोवर बाहेर बोळात थांबायचे.

मी पहिल्यांदा बसले ती समोरासमोर. अक्कांनी बोट गोल फिरवलं, फिर म्हणून. मी कानाला हात लावले. आम्ही सांगोल्याकडची माणसं. आमच्या घरात वडीलधाऱ्यांकडं, गुरूकडं पाठ करून बसलं तर आजोबा काठी उगारायचे. "तुमच्याकडं पाठ? छे छे, अक्का!" त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग "तुझी मर्जी" म्हणाल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली. मी मांडीवर टकटक केलं, "अक्का, झोपलात की काय?" त्यांनी डोळे उघडले. पुन्हा मिटले. मी पुन्हा उठवलं. असं तीन-चार दिवस चाललं. शेवटी त्या डोळे उघडे ठेवून बसायला लागल्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत सगळं ओकले. हाक, मिक्सर, वॉकर, सगळं. महिनोन्‌महिने तेच तेच. बहिऱ्या माणसाला सांगण्यात काय सुख असतं ते मला विचारा.

मला गुण आला, हे खोटं नाही. रात्री झोप लागायला लागली. हाक ऐकली की छाती आवळायची, पण आता मी मधेच थांबून सावकाश श्वास सोडायला शिकले होते.

आणि मग ती वरात आली.

वर्ग सुटला होता. बोळातून डीजे लावलेली लग्नाची वरात चालली होती, शेडचे पत्रे थडथड करत होते. अक्का दारात उभ्या. समोरच्या ओट्यावर एक म्हातारे विणकर मास्तर बसलेले. दोघांचे ओठ हलत होते. आवाज नाही, काही नाही. मास्तरांनी काहीतरी म्हटलं, अक्का खो खो हसल्या, त्यांनी उलट काहीतरी म्हटलं, मास्तरांनी कपाळावर हात मारला. मी माझ्या शेजारी चादर टाकणाऱ्या बिडीवाल्या वहिनींच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "हे काय चाललंय?"

"बोलायलेत की!" वहिनी माझ्या कानात ओरडल्या. "मागावरची माणसं सगळी ओठ बघून बोलतात. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? माझी आई बी तसंच बोलायची."

 "मग... मग तुम्ही सगळे पाठ करून..."

"म्हणूनच की, ताई! तोंड दिसू नये म्हणून. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

  एवढ्या महिन्यांतला एकूण एक शब्द या बाईनं माझ्या ओठांवरून वाचला होता! वरात पुढं गेल्यावर मी जाऊन अक्कांसमोर उभी राहिले. 

"फसवलंत तुम्ही मला!"

अक्कांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि, आई गं, लगेच उत्तर दिलं. "फिर म्हटलं तुला. फिरली न्हाईस. डोळे मिटले. मिटू दिले न्हाईस. आणखी काय करू? फळ्यावर लिहू?"

"सांगायचं होतंत सरळ!"

"सांगायला पायजे होतं. चुकलं." मग माझा दंड धरून त्यांनी मला पायरीवर बसवलं. "पर बोलायलीस तर बोलू दे म्हटलं. सांगितलं असतं तर पुना आली असतीस व्हय?"

 नसते आले.

"मग आता सांगा ना, काय करू मी?" मी रडत विचारलं. "माफ केलं म्हणा, नाहीतर शिव्या द्या."

"मी कोण माफ करणार? मी तुझी सासू न्हाय. तुझा नवरा न्हाय." मग पदर खोचत म्हणाल्या,  "तुझा नवरा येतोय माझ्याकडं. पहाटेच्या वर्गाला. चार महिने झाले. तुला सांगू नका म्हणालाय. आज सांगितलं, ही बी माझी चूक."

हे रोज पहाटे फिरायला म्हणून जायचे! मला म्हणायचे, तळ्यापर्यंत जाऊन आलो!

"काय बोलतात ते?" मी विचारलं.

"काय ठाऊक. तो पाठ करून बसतोय. मला त्याची पाठ तेवढी ठाऊक हाय. असलं वझं मी कुणाच्या पाठीत बघितलं न्हाय. त्या पाठीवर हात ठेवला की मला तुझा मिक्सर ऐकू येतोय." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "श्वास मी शिकवला. हे मला शिकवायला येत न्हाय. जा घरला."

रविवार होता दुसऱ्या दिवशी. मी भाकरी थापत होते आणि हे ताटावर बसले होते. मी गॅस बंद केला. एक श्वास घेतला, पूर्ण सोडला, आणि म्हटलं, "अहो, त्या दिवशी मिक्सर बंद होता. आईंची हाक मला ऐकू आली होती. दोनदा. मी मुद्दाम उठले नाही."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता उठतील, आता काहीतरी फेकतील.  

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय?"

"आईनं दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी सांगितलं. हाक मारली, ती आली नाही म्हणाली. आणि म्हणाली, तिला काही बोलू नकोस, सकाळी मीच तिला लई टोचून बोलले होते."

मी खालीच बसले, पिठाच्या हातांनी. "मग वॉकर? दोन वर्षं वॉकर वॉकर काय करत होतात तुम्ही?"

"माझी ताई विचारत होती ना, घरात कोण होतं, काय करत होतं. तिला काहीतरी कारण द्यायला पाहिजे होतं." ते ताटाकडं बघत बोलत होते. "वॉकरचं पटलं तिला. मग तेच धरून ठेवलं."

इतका राग आला मला! त्यांचा, त्या गेलेल्या बाईचा, माझा स्वतःचा. "मला सांगायचं नाही होय एकदा? मेले असते की हो मी!"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," हे म्हणाले, आणि माझा नवरा, आई गेली तेव्हासुद्धा न रडलेला, ताटावर बसून ढसाढसा रडला. मी त्यांना धरलं. दोघंही पिठानं माखलो.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं मिळून अक्कांकडं गेलो. शेड भरलेली होती. मी अक्कांना कोपऱ्यात घेऊन समोरासमोर उभं राहून सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. वॉकरचं यांनी माझ्यासाठी उभं केलं होतं.

अक्कांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग त्या आमच्या ह्यांच्याकडं वळल्या. "तुला ठाऊक होतं?" ह्यांनी मान हलवली. जिनं मला पहिल्या दिवशी मरायला येतं का विचारलं, जिला काही म्हणजे काही हादरवू शकत नाही असं मला वाटायचं, ती बाई भिंतीचा आधार घेत सावकाश खाली बसली. आपला उजवा तळहात उलटसुलट करून बघत राहिली.

"मला वाटलं, हा स्वतःचं वझं वाहतोय," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच इतक्या हळू बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं. "चार महिने हात ठेवला मी. हा तर तुझं वाहत होता गं. मला कळलंच न्हाय."

त्या दिवशी वर्ग झाला नाही. पंचवीस-तीस माणसं आपापल्या चादरी काखेत मारून घरी गेली.